धुऱ्याला (शेताच्या बांधाला) लागून दोन एकर विकायला निघाले आहे. साठवलेला पैसा काढावा का?

पांदणवाट (दारव्हा, जि. यवतमाळ)

सर्वांना नमस्कार. माझा प्रश्न पैशाचा आहे, पण नुसत्या हिशेबाने तो सुटत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

माझे वय 37. मी पंचायत समितीत नोकरीला असून तालुक्याच्या गावी भाड्याच्या घरात राहतो. आमचे गाव तिथून 14 किलोमीटरवर आहे. गावी आई-वडील राहतात, सात एकर कोरडवाहू वावर आहे, आणि वडील 69 व्या वर्षीही कपाशी आणि तूर स्वतः उभे राहून काढतात. जुलै 2019 मध्ये मी म्युच्युअल फंडात दरमहा 3,000 रुपयांची एसआयपी सुरू केली आणि 2022 पासून ती 5,000 केली. 2020-21 मध्ये पीपीएफ, म्हणजे लांब मुदतीचे सरकारी बचत खाते, उघडले. मुलीच्या नावे पोस्टात सुकन्या समृद्धी खाते आहे. मुलीचे खाते सोडले तर आज फंडात सुमारे 4 लाख 40 हजार आणि पीपीएफमध्ये 2 लाख 90 हजार रुपये आहेत. पगार मोठा नाही. नवी गाडी घेतली नाही, घराचा हप्ता अंगावर घेतला नाही, म्हणून हे जमले.

ही गोष्ट पत्नीला ठाऊक होती, वडिलांना नव्हती. लपवायचे असे मी कधी ठरवले नव्हते. आमच्या घरात शिल्लक किती हे बोलण्याची रीतच नाही. वावर किती, यंदा कापूस किती क्विंटल झाला, विहिरीला पाणी किती हातांवर आहे, हे चारचौघांत बोलले जाते. घरात पैसा किती जमला हे मात्र सख्खे भाऊही एकमेकांना विचारत नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात काकांच्या मुलीचे लग्न होते. काकांनी माझ्याकडे एक लाख रुपये हातउसने मागितले. मी “सध्या जवळ नाहीत” असे म्हणालो आणि 20,000 दिले. लग्न पार पडले, काकांनी बाकीची रक्कम एका खाजगी माणसाकडून शेकडा तीन रुपये महिना व्याजाने उचलली. दिवाळीत बहीण माहेरी आली होती. भाचा माझा मोबाईल घेऊन बसला होता, त्याने फंडाच्या ॲपवरील आकडा सर्वांसमोर मोठ्याने वाचला. वडील ओसरीवर कापसाच्या बोऱ्याला सुतळीचा टाका घालत होते. त्यांनी दाभण तसेच बोऱ्यात खोचून ठेवले आणि एवढेच विचारले, “घरात पैसे असून नाही काऊन म्हनलं?” त्यानंतर चार दिवस ते माझ्याशी नीट बोलले नाहीत.

आता आमच्या धुऱ्याला लागून असलेले दोन एकर विकायला निघाले आहे. एकरी आठ लाख असा भाव सांगितला जातो. वडिलांचे म्हणणे असे की ते कागदावरचे पैसे मी काढावेत, त्यांच्याजवळचे दीड लाख घालावेत आणि उरलेल्या सात-सव्वासात लाखांसाठी कर्मचारी पतसंस्थेचे कर्ज घ्यावे. त्यांच्या दृष्टीने वावर घेतले म्हणजे काकांच्या वेळी झालेली चूकही धुऊन निघेल, कारण वावर सर्वांना दिसते आणि ते घराण्याचे असते, फंड मात्र माझ्या एकट्याचा.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पैसा काढून वावर घ्यावे का, ही एक. दुसरी अशी की आपल्या मिळकतीतला काही भाग स्वतःच्या बायको-मुलांसाठी बाजूला ठेवणे हा खरोखर स्वार्थ आहे का? वडील तसे बोलून दाखवत नाहीत, पण त्यांच्या मनात तेच आहे असे मला वाटते, आणि रात्री झोप लागत नाही ती त्याच कारणाने.

जुना कास्तकार (अकोट, जि. अकोला)

भाऊ, मी तुमच्या वडिलांच्याच वयाचा आहे, म्हणून त्यांच्या बाजूने आधी बोलतो. 1972 च्या दुष्काळानंतर माझ्या वडिलांनी चार एकर वावर सावकाराला लिहून दिले. बोली तोंडी होती की पैसे फेडले म्हणजे वावर परत, पण कागद मात्र पक्क्या खरेदीखताचा होता. ते चार एकर सोडवून घ्यायला आमच्या घराला बारा वर्षे लागली, आणि ती बारा वर्षे माझी आई दुसऱ्याच्या शेतात वेचणीला जात होती. 2014 च्या सावकारी नियमन कायद्याने अशी बळकावलेली जमीन परत मिळवण्याची वाट आज तरी आहे, तेव्हा ती नव्हती. ज्याने हे पाहिले आहे त्याच्यासाठी वावर ही गुंतवणूक नसते. गेलेली अब्रू परत मिळवण्याची ती खूण असते.

पैशाबद्दल आमच्या पिढीला विश्वास का वाटत नाही तेही सांगतो. 1972 पासून राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी होती. कापूस सरकारी केंद्रावरच द्यायचा, बाहेर विकायचा नाही, आणि चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, मात्र हप्त्याहप्त्याने यायचा. बंडी घेऊन दोन-दोन रात्री केंद्राबाहेर रांगेत काढल्या आहेत. चुकाऱ्याची चिठ्ठी खिशात असे, पण दुकानदाराची उधारी, सोसायटीचे कर्ज आणि सालदाराचे साल या तिघांची त्यावर आधीच नजर असे. पैसा म्हणजे येणे किंवा देणे. शिल्लक हा शब्द आमच्या तोंडी फारसा नव्हता.

तरीही स्वार्थाबद्दल तुम्ही जे विचारले आहे, त्यावर मी वडिलांच्या बाजूचा नाही. 1980 नंतर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेत मी होतो. “भीक नको, हवे घामाचे दाम” ही घोषणा देताना आम्हा तरुणांच्या मनात पहिल्यांदा असे आले की शेतकऱ्याने नफा मागणे यात लाज वाटण्यासारखे काही नाही. त्याआधी गावात कोणी चार पैसे राखून आहे असे कळले, तर त्याने कोणाला तरी लुबाडलेच असणार असे धरून चालत, कारण प्रामाणिक कास्तकाराकडे पैसा उरतो हे कोणी पाहिलेच नव्हते. तुमच्या पगारातून तुम्ही राखलेला पैसा कोणाच्या ताटातून ओढलेला नाही.

चूक झाली ती एका शब्दात झाली. काकांना “जवळ नाहीत” म्हणण्याऐवजी “आहेत, पण ते मुलांच्या शिक्षणासाठी बांधून ठेवले आहेत, त्यातून इतकेच देऊ शकतो” असे सांगायला हवे होते. त्यांना राग आला असता, पण तो चार दिवसांत गेला असता. वडिलांनी विचारलेला प्रश्नही नीट वाचा. पैसे का ठेवले असे त्यांनी विचारलेले नाही, नाही का म्हणालास असे विचारले आहे.

वावराबद्दल माझे मत स्पष्ट आहे. धुऱ्याला लागून असलेले वावर पुन्हा विकायला निघत नाही. दोन्ही नाही तर एक एकर तरी घ्या. पण सात लाखांचे कर्ज काढून घेऊ नका.

हिशेबवही (वर्धा)

मी 31 वर्षे सहकारी बँकेत होतो आणि कर्जाच्या टेबलावर बसलेलो असल्यामुळे आधी आकडे मांडतो.

सात लाख वीस हजारांच्या कर्जावर साडेदहा टक्के दर धरला, तर पहिल्या वर्षाचे व्याजच सुमारे 75,000 होते. मुद्दल वेगळे. आता दोन एकर कोरडवाहूत एकरी सहा क्विंटल कापूस झाला असे माना, आणि तो 2025-26 च्या हंगामातील लांब धाग्याच्या कापसाच्या 8,110 रुपयांच्या हमीभावाने गेला असेही माना, जरी खेडा खरेदीत व्यापारी त्याहून कमी देतो हे आपण सर्व जाणतो. तरी 97,320 रुपये येतात. बियाणे, खत, फवारणी, डवरणी आणि वेचणी मिळून एकरी 30,000 खर्च धरला तर हाती 37,000 उरतात, आणि त्यात तुमच्या वडिलांच्या श्रमाचा एक रुपयाही धरलेला नाही. वडील थकल्यावर वावर मक्त्याने द्यावे लागले आणि एकरी 14,000 मिळाले, तर 28,000 रुपये, म्हणजे सोळा लाखांवर पावणेदोन टक्के. जमिनीचा भाव वाढतो हे खरे आहे, पण तो वाढलेला भाव वावर विकल्याशिवाय हाती येत नाही, आणि आपल्याकडे वावर विकणे म्हणजे घर बुडाले असे समजतात. त्यामुळे ती वाढ प्रत्यक्षात कोणीच वापरत नाही.

दुसरे असे की पीपीएफ तुम्ही समजता तसे हवे तेव्हा काढता येत नाही. 2020-21 मध्ये उघडलेल्या खात्यातून पहिली रक्कम एप्रिल 2026 पासून निघेल, आणि नियमाप्रमाणे ती आजच्या शिलकीच्या निम्म्याहून बरीच कमी असेल. म्हणजे वडिलांनी केलेल्या हिशेबात दोन लाखांचे भोक आधीच आहे, आणि तेही कर्जातच जाईल.

मात्र फंडाच्या बाजूने बोलतानाही हात राखून बोलावे लागते. तुमची एसआयपी सुरू झाल्यावर काही महिन्यांतच मार्च 2020 आला. जानेवारीत 42,000 च्या आसपास गेलेला सेन्सेक्स 23 मार्चला 26,000 च्या खाली बंद झाला होता. तेव्हा तुमचे खाते भरलेल्या रकमेच्या खाली गेले असणार आणि तरी तुम्ही हप्ता थांबवला नाही, हे महत्त्वाचे आहे. पण तेव्हा तुमचे तीस हजारही गुंतलेले नव्हते. साडेचार लाखांचे तीन लाख झालेले एका सकाळी पाहणे वेगळे असते. तो दिवस कधी ना कधी येईल हे वडिलांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे तेव्हा नव्याने भांडण होणार नाही.

आता मनाच्या प्रश्नाबद्दल. आमच्या जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला. जमिनीची खरेदी सरळ झाली आणि रक्कम थेट खात्यात आली. आमच्या शाखेत एक गृहस्थ होते, ज्यांच्या घरात तोवर कधी 50,000 एकत्र आले नव्हते. त्यांच्या खात्यात 40 लाखांच्या वर जमा झाले. ते दर दोन दिवसांनी पासबुक छापून घ्यायला येत. आकडा बदललेला नसे, तरी बोट ठेवून शेवटची ओळ वाचत आणि मला विचारत, “जागेवर आहे ना साहेब?” न दिसणाऱ्या संपत्तीवर विश्वास बसायला किती अवघड असते हे मी त्यांच्या त्या बोटाकडे पाहून शिकलो. त्यांनी अखेरीस शेजारच्या तालुक्यात वावर घेतले. त्यांच्यासारख्या अनेकांच्या हाती एकाच वेळी पैसा आला होता आणि प्रत्येकाला वावरच हवे होते, त्यामुळे सहा एकर गेले तिथे त्यांना साडेतीनच एकर मिळाले.

संपत्ती वाईट असे आपल्या भागात कोणी थोरांनीही सांगितलेले नाही. गांधीजी 1936 पासून सेवाग्रामला राहिले. त्यांचे म्हणणे असे होते की ज्याच्याकडे गरजेपेक्षा अधिक आहे त्याने स्वतःला त्या धनाचा विश्वस्त समजावे. जमनालाल बजाज वर्ध्याचेच. त्यांच्या संपत्तीबद्दल इथे कोणाच्या मनात अढी नव्हती, कारण ती कुठे खर्च होते हे गावाला दिसत होते. मला असे वाटते की तुमच्या वडिलांना खुपते ते हेच. वावराचा हिशेब गावासमोर असतो, भाऊ अडला तर त्या वावरावरचा कापूस त्याच्या लग्नाला येतो. मोबाईलमधल्या आकड्याला कोणाचे नाते लागत नाही. तुम्ही दरवर्षी ठरावीक रक्कम नातलगांच्या अडीनडीसाठी वेगळी ठेवा, तिचे वेगळे खाते उघडा आणि ते वडिलांच्या ताब्यात द्या. काका मागतील तेव्हा निर्णय वडील घेतील. माझ्या मुलाने हे केले, आणि आमच्या घरातला ताण निम्मा झाला.

एक सावधगिरी. गावात तुमच्याकडे पैसा आहे हे आता सर्वांना कळले आहे, तेव्हा जादा व्याजाची आमिषे घेऊन लोक येतील. बँकेतील ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, पतसंस्थेतील ठेवीला ते नाही. हे मी ज्या खुर्चीत बसून पाहिले आहे, तिथून सांगतो.

जुना कास्तकार (अकोट, जि. अकोला)

हिशेबवही साहेबांचा आकडा चुकलेला नाही. तरी एक गोष्ट त्यात बसत नाही. सातबारा असल्यामुळे सोसायटीचे पीककर्ज मिळते, आणि तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे शेतकऱ्याला व्याज पडत नाही. दर मार्चअखेर नवे-जुने करण्यासाठी, म्हणजे जुने फेडून नवे उचलण्यासाठी, आठ दिवस पैसा फिरवावा लागतो तो त्रास वेगळा. फंडाच्या कागदावर सोसायटी कर्ज देत नाही. आणि मुलीची सोयरीक ठरवताना आजही पहिला प्रश्न नोकरीचा असला तरी दुसरा वावराचाच असतो.

गटाची ताई (कळंब, जि. यवतमाळ)

दादा, तुमचा प्रश्न आणि सर्व उत्तरे वाचली. वडील, काका, सावकार, बँकेचे साहेब, सगळे आले. तुमची पत्नी फक्त एका वाक्यात आली, म्हणून मी लिहीत आहे.

मी अकरा वर्षांपासून बचत गटांसोबत काम करते. पुरुषांना न दिसणारी संपत्ती नवी वाटते, बायकांना ती कधीच नवी नव्हती. आमच्या आईने डाळीच्या डब्यात, उतरंडीच्या खालच्या मडक्यात, लुगड्याच्या घडीत पैसे ठेवले. विचारले तर “माझ्याजवळ कुठून येणार” हेच उत्तर होते, आणि त्याला कोणी खोटे म्हणत नसे, कारण आजारपणात तेच पैसे निघत. पोत किंवा पाटली गहाण पडली तरी ती सोडवून आणताना तोच डबा उघडत असे. गट सुरू झाले तेव्हा पहिल्या बैठकीत बायका वीस-वीस रुपये मुठीत घट्ट धरून आणायच्या, इतक्या की नोट ओली व्हायची. मोठ्या आवाजात नाव घेऊन, वहीत लिहून, दहा जणींसमोर आपला पैसा मोजायला त्या लाजत. आज त्याच बायका गटातून शेकडा दोन रुपयांनी कर्ज घेऊन शेळ्या घेतात आणि माझे इतके जमले हे नवऱ्यासमोर सांगतात. माझ्या दृष्टीने झालेला मोठा बदल हा आहे. साठवणे पूर्वीही होते, सांगणे नव्हते.

म्हणून मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. फंड, पीपीएफ, हे सर्व कोणाच्या नावे आहे आणि वारस म्हणून कोणाचे नाव लावले आहे? आणि वावर घेतले तर ते कोणाच्या नावे होणार? वडिलांच्या नावे झाले तर ते त्यांची मिळकत ठरेल आणि त्यांच्या पश्चात त्यात तुमच्या बहिणीचा तुमच्याइतकाच हक्क असेल. मुलींना वडिलार्जित मिळकतीत मुलासारखा हक्क महाराष्ट्रात 1994 मध्ये आणि देशभर 2005 मध्ये मिळाला. मी बहिणीच्या हक्काच्या विरोधात मुळीच नाही. पण पैसा तुमचा, नाव वडिलांचे, आणि उद्या बहिणीला नेऊन हक्कसोडीवर सही घ्यायची, हा प्रकार मी इतक्या घरांत पाहिला आहे की आधीच बोलून घ्या असे हात जोडून सांगते. 1990 च्या सुमारास याच शेतकरी संघटनेने लक्ष्मी मुक्तीचा कार्यक्रम चालवला होता आणि आमच्या भागातील काही शेतकऱ्यांनी आपणहून पत्नीचे नाव सातबाऱ्यावर चढवले होते. ज्या घरात तुमच्या पत्नीने सहा वर्षे नवी गाडी मागितली नाही, त्या घरात तिचे नाव कागदावर असायला हवे.

काकांच्या घरचे लग्नकार्य मात्र मला खटकले. शेकडा तीनने ऐंशी हजार उचलणे म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. गाडगेबाबा शेजारच्याच अमरावती जिल्ह्यात जन्मले आणि कर्ज काढून लग्ने करू नका हे गावोगाव सांगत फिरले. आता जे झाले ते झाले, पण काकांचे ते कर्ज अजून फिटले नसेल तर वावराचा विचार करण्याआधी त्याचा विचार करा. ते व्याज तुमच्या फंडाच्या वाढीपेक्षा कितीतरी वेगाने धावते आहे, आणि ते फेडताना काकांचे वावर विकायला निघाले तर ते तुमच्या वडिलांना सहन होणार नाही.

सातबारावाचक (पुसद, जि. यवतमाळ)

थोडक्यात लिहितो. एकच एकर घ्यायचे ठरले तरी अडचण नाही, कारण आपल्याकडे जिरायतीसाठी प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा वेगळा विकता येत नाही ते क्षेत्र, आता 20 गुंठे आहे. इसार (सौद्याची आगाऊ रक्कम) देण्याआधी सातबारा आणि फेरफार दोन्ही पाहा, विक्री करणाऱ्याच्या बहिणींची नावे वारस म्हणून लागली आहेत का ते तपासा, आणि धुऱ्याचा वाद नसला तरी मोजणी करून घ्या. धुरा दर पेरणीला वीतभर सरकतो आणि वीस वर्षांनी त्याचा गुंठा होतो. भावात मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च धरलेला नाही, तो वेगळा ठेवावा लागेल.

पांदणवाट (दारव्हा, जि. यवतमाळ)

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवडे उत्तर दिले नाही, कारण घरात बोलणे चालू होते.

कास्तकार काकांचे उत्तर मी वडिलांना वाचून दाखवले. सावकाराचा भाग आला तेव्हा ते उठून आत गेले आणि पत्र्याच्या पेटीतून एक पिशवी घेऊन आले. त्यात कापसाच्या चुकाऱ्याच्या जुन्या चिठ्ठ्या होत्या, आणि त्यांच्या तळाशी पोस्टाचा एक कागद होता. 1988 मध्ये, माझ्या जन्माच्या वर्षी, किसान विकास पत्र नव्याने सुरू झाले होते आणि साडेपाच वर्षांत रक्कम दुप्पट होत असे. त्या वर्षीच्या चुकाऱ्यातून वडिलांनी माझ्या नावे एक हजाराचे पत्र घेतले होते, पुढे ते दोनदा नव्याने गुंतवले आणि बारावीनंतर माझी फी त्यातून भरली. याची मला कल्पना नव्हती. आईलाही नव्हती. मी विचारले, “मग काकांना तेव्हा सांगितले होते का?” त्यावर ते म्हणाले, “इचारलंच नव्हतं कोनी. इचारलं असतं तर नाही म्हनलं नसतं.” त्यानंतर आम्ही दोघेही बराच वेळ गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी मी आणि वडील काकांकडे गेलो. पैसे आहेत म्हणून मी सांगितले, आणि त्या वेळी खोटे बोललो हेही सांगितले. काकांचे त्या खाजगी माणसाकडे 60,000 अजून बाकी होते. ते मी फंडातून काढून दिले. काका दोन हंगामांत परत करतील असे ठरले आहे आणि त्यांच्याच आग्रहावरून ते कागदावर लिहिले आहे.

वावराबाबत वडील एका एकरावर तयार झाले. फंडातील तीन लाख, त्यांचे दीड लाख आणि उरलेले साडेतीन लाख पतसंस्थेचे, असा मेळ घातला आहे. एसआयपी चालूच राहील. दरमहा 1,000 रुपये मात्र वेगळ्या खात्यात जातील आणि त्याचे पासबुक वडिलांकडे असेल. खरेदी माझ्या आणि पत्नीच्या संयुक्त नावे होईल. हे मी बहिणीला फोनवर सांगितले तेव्हा ती म्हणाली की सात एकरांबद्दलही असेच आधी बोलशील ना. मी हो म्हणालो आहे. फंडात वारस म्हणून अजूनही आईचेच नाव होते, लग्नाच्या आधीचे. ते त्याच रात्री बदलले.

आता सातबारावाचक दादांना एक विचारायचे आहे. विकणाऱ्याच्या सातबाऱ्यावर इतर अधिकारात सोसायटीचा 45,000 रुपयांचा बोजा दिसतो. तो म्हणतो की कर्ज केव्हाच फिटले आहे आणि फक्त नोंद कमी व्हायची राहिली आहे. संक्रांतीनंतर इसार द्यायचा आहे. बेबाकीचा (कर्ज फिटल्याचा) दाखला त्याने आणून द्यावा आणि बोजा कमी झाल्याचा फेरफार मंजूर झाल्यावरच इसार द्यावा, की दाखल्यावर विसंबून इसारपावतीत तशी अट घातली तर चालेल?